नसलेल्या नगरसेवकाला शिव्या देणाऱ्यास

तुझ्या वॉर्डाचा नंबर काय? मोबाइल खाली ठेव आणि तोंडाने सांग.

नाही येत. मला वाटलंच होतं.

बंगळूरच्या के. आर. पुरमला राहून तुला बरीच वर्षं झाली. फ्लॅट घेतलास. कर्जाचे हप्ते फेडतोस, मालमत्ता कर भरतोस, उन्हाळ्यात टँकरचे पैसे मोजतोस. टिन फॅक्टरी चौकातल्या वाहतूककोंडीत रोज जीव मुठीत धरून बसतोस. २०२५ च्या मे महिन्यात होरमावूच्या साई लेआउटमध्ये घराघरात पाणी शिरलं, तेव्हा रात्रभर मला निरोप पाठवत होतास. ‘सर, आमचा नगरसेवक झोपलाय.’

कोण झोपला होता? नाव सांग त्याचं.

त्या रात्री अख्ख्या बंगळुरात एकही नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत १० सप्टेंबर २०२० ला संपली होती. त्याला चार वर्षं आठ महिने उलटले होते. सभागृहाला कुलूप, कारभार नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. आणि तू नसलेल्या माणसाला शिव्या देत बसला होतास. तू! आकड्यांवर पोट भरणारा माणूस. कामावर तक्त्यातला एक खाना चुकला तर तीनदा तपासतोस. स्वतःच्या शहरात मात्र पाच वर्षं कारभारी नाही, हे तुला ठाऊक नाही. अडाण्याकडून झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुला कशी माफी द्यायची?

आता तुझं पहिलं उत्तर येईल, ते मला पाठ आहे. ‘सर, नगरसेवकच नाही, तर त्याच्या मतदानाची नोंद कसली ठेवू?’

अरे, मी तुला नागरिकशास्त्र शिकवलं. चांगले मार्क घेतलेस. राज्यघटनेचं कलम २४३-यू काय म्हणतं? महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. मग बंगळुरात काय घडलं? डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, आहेत त्या १९८ वॉर्डांवर निवडणूक घ्या. दोनच आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. मग १९८ चे २४३ वॉर्ड झाले. २४३ चे २२५ झाले. पुढे महापालिकाच मोडली. २ सप्टेंबर २०२५ ला एकाच्या पाच झाल्या आणि वॉर्ड गेले ३६९ वर. प्रत्येक वेळी नवा नकाशा, नव्या हरकती, नवी तारीख.

हे कुणी केलं? एका पक्षाने केलं असतं तर तुला राग काढायला सोपं गेलं असतं. मुदत संपली तेव्हा राज्यात भाजपचं सरकार होतं. तुझे आमदार बैरती बसवराज त्या मंत्रिमंडळात नगरविकास मंत्री होते. बंगळूरचं खातं मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, हे मला माहीत आहे. पण त्या मंत्रिमंडळाच्या टेबलाशी तुझा माणूस बसत होता की नाही? २०२३ च्या मे महिन्यात काँग्रेसचं सरकार आलं. त्यांनीही तेच केलं. विरोधात बसले की निवडणूक हवी, सत्तेत आले की नवा नकाशा हवा. दोन्हीकडच्या या भूमिका वर्तमानपत्रांत छापून आल्या आहेत. तारखेसकट. कुणी वहीत उतरवल्या? निदान तू तरी?

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जुन्या महापालिकेची मुदत २००६ मध्ये संपली, निवडणूक झाली थेट २०१० च्या मार्चमध्ये. त्याच मधल्या काळात, २००७ साली, तुझ्या के. आर. पुरमची स्वतःची नगरसभा मोडून तिला बृहत् बंगळुरात ओढलं. निवडून आलेलं सभागृह जागेवर नसताना! विहीर आटली की गावातली माणसं आधी कारण शोधतात. इथे शहराचं सभागृह पुन्हा आटलं आणि तुला पत्ता नाही.

नगरसेवक नाही म्हणून नोंद नाही, असं म्हणूच नकोस. नगरसेवक का नाही, कुणामुळे नाही, कुणी कोणत्या तारखेला काय सांगितलं, हीच त्या पाच वर्षांची नोंद आहे. २०२५ च्या मार्चमध्ये बृहत् बंगळूर कारभाराचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. तुझ्या शहराचे तुकडे करणारा कायदा. वर जे प्राधिकरण बसलं, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. त्या चर्चेत तुझ्या आमदाराने काय मांडलं? बोलले की गप्प बसले? विधानसभेच्या चर्चांचे अहवाल प्रसिद्ध होतात. घरबसल्या मिळतात. क्रिकेटचा प्रत्येक चेंडू तुला आठवतो. हे का शोधलं नाहीस?

आता दुसरी सबब. ही जरा हुशार माणसाची आहे, म्हणून मला जास्त राग येतो. ‘सर, भारतात नगरसेवकाच्या मतदानाची नोंद नसतेच. सगळं आवाजी मतदानाने होतं.’

अर्धं खरं बोललास. अर्धं खरं बोलून पळवाट काढायची सवय तुला शाळेपासूनची आहे.

हो, शिकागोत ५० नगरसेवक आहेत आणि प्रत्येक विषयावर कुणी कसं मत दिलं याची नावनिशीवार यादी तिथल्या नगरलिपिकाच्या कार्यालयात कुणालाही मिळते. आपल्याकडे तसं होत नाही. विषयपत्रिका पुढे येते, सूचक उठतो, अनुमोदक मान डोलावतो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणत विसावा विषय पाचव्या मिनिटाला निघून जातो. शिवाय पक्षादेश. कर्नाटकात १९८७ पासून स्थानिक संस्थांसाठी पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. तेव्हा नुसतं मत पाहून माणूस कळत नाही, हे मलाही मान्य. मग तू काय केलंस? मत दिसत नाही म्हणून डोळेच मिटून घेतलेस.

बाकीचं कुठे गेलं? सूचक म्हणून कुणाचं नाव आलं? अनुमोदक कोण? इतिवृत्तात ते लिहिलेलं असतं. हजेरी कुणाची किती? ती सहीनिशी असते. अर्थसंकल्पावर कोण बोललं आणि कशावर बोललं? बारा स्थायी समित्या होत्या गेल्या सभागृहात. तुझा नगरसेवक त्यातल्या कोणत्या समितीवर होता? रस्त्यांच्या, आरोग्याच्या, की हिशेबाच्या? वॉर्डात कोणती कामं मंजूर झाली, बिलं कुणाच्या नावाने निघाली, एकाच गटाराचं काम दोनदा तर निघालं नाही ना? मालमत्तेचं विवरण दरवर्षी महापौरांना द्यायचं, असं १९७६ च्या महापालिका कायद्यात आहे. दिलं का? यातली एक गोष्ट तरी आवाजी मतदानात विरून जाते का? सांग ना.

आणि जिथे हात वर करून मत द्यावंच लागतं, तिथे तरी तू पाहिलंस का? महापौराची निवडणूक. २०१५ मध्ये १९८ पैकी भाजपचे १०० निवडून आले, काँग्रेसचे ७६, जनता दलाचे १४. महापौर कोण झालं? काँग्रेसचे मंजुनाथ रेड्डी. कसे? कारण त्या निवडणुकीत नगरसेवकांबरोबर शहरातले आमदार, खासदार, विधान परिषदेचे सदस्यही मत देत होते. काँग्रेसने जनता दलाला बरोबर घेतलं आणि १०० चा पक्ष विरोधात बसला. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, गणित उलटलं आणि भाजपचे गौतम कुमार महापौर झाले. दोन्ही वेळा तुझ्या वॉर्डाचा हात कुणासाठी वर गेला? २०१५ ला तुझ्या आमदाराचा? माहीत नाही. तू २०१५ ला मत द्यायला गेला होतास की नाही, ते मी विचारतसुद्धा नाही. त्या निवडणुकीत निम्मं शहर घरी बसलं होतं आणि तू कुठे होतास याचा मला अंदाज आहे.

साई लेआउटचंच घे. तिथलं पाणी रेल्वेमार्गाखालच्या अरुंद मोऱ्यांपाशी तुंबतं, हे तिथल्या माणसांना त्या पावसाच्या आधीपासून ठाऊक होतं. उपमुख्यमंत्री येऊन पाहून गेले, कॅमेरे आले, कॅमेरे गेले. पण २०१५ ते २०२० या पाच वर्षांत होरमावूच्या नगरसेवकाने त्या मोऱ्यांचा विषय सभागृहात किती वेळा काढला? एकदा? दहादा? कधीच नाही? यातलं कोणतंही उत्तर आलं तरी त्याला किंमत आहे. दहादा काढला असेल तर त्या माणसाला न्याय मिळेल आणि दोष कुणाचा ते वर शोधता येईल. कधीच नसेल काढला तर पुढच्या वेळी मत मागायला आल्यावर दारात विचारता येईल. पण तुला उत्तर नकोच आहे. तुला रात्री दोन वाजता संताप हवा आणि सकाळी नऊला ऑफिस हवं. संताप फुकट मिळतो. इतिवृत्त वाचायला एक दुपार जाते.

मुंबईत प्रजा फाउंडेशनने हे करून दाखवलं. माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून कागद मागवले आणि २२७ नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढलं. कोण किती सभांना आलं, कुणी किती प्रश्न विचारले, प्रश्न कशाबद्दल होते. अनेकांची वर्षभराची पाटी जवळजवळ कोरी निघाली. तेही कागद तशाच आवाजी मतदानाच्या सभागृहातून आले. मुंबईची मुदतही ७ मार्च २०२२ ला संपली आणि तिथेही प्रशासक बसला. पण जुन्या सभागृहाने काय केलं ते तिथे लिहिलेलं आहे. तुमच्या पूर्व भागात इतके संगणकवाले राहतात की त्यांच्या जाण्यायेण्यासाठी मेट्रो व्हाइटफिल्डपर्यंत न्यावी लागली. त्यांच्यातल्या पाच जणांना पूर्व महापालिकेच्या पन्नास वॉर्डांची एक वही ठेवता येत नाही? येते. ठेवायची नाही, एवढंच आहे.

तिसरी सबब सर्वांत लाजिरवाणी. ‘कागद सगळे कन्नडमध्ये असतात.’

कुणाला सांगतोस? बेळगावच्या शाळेत दहावीपर्यंत कन्नड शिकलास तू. मराठी माध्यमाची शाळा असली तरी कन्नडचा पेपर होताच. माझ्या शेजारच्या वर्गात होत होता तो तास. भाजीवाल्याशी घासाघीस करताना येतं, रिक्षावाल्याशी भांडताना येतं, फक्त ठराव वाचताना विसरतं? आणि खरंच अडलं तर तुझ्या शेजारच्या दारात कन्नड माणूस राहतो. त्याच्याही घरात तेच टँकरचं पाणी येतं. बस त्याच्याजवळ. दोघं मिळून वाचा. तुझ्या मुलीच्या अभ्यासासाठी त्याची मदत चालते, वॉर्डासाठी का चालत नाही?

त्याच्याच पाठीला चिकटून येतं, ‘सर, शेवटी आम्ही इथले नाही.’ यावर मी गप्प बसणार नाही. तू बेळगावचा आहेस. महापालिकेचा एक ठराव म्हणजे काय, हे बेळगावच्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं. सरकारने महापालिकाच बरखास्त केली. त्या ठरावाच्या बाजूने कोण उभं राहिलं, कोण ऐनवेळी गळाठलं, कोण आजारी पडलं, हे आजही तुझे काका चहाच्या टेबलावर एकेकाचं नाव घेऊन सांगतील. तिथे पक्षादेश नव्हता का? दबाव नव्हता का? तरी लोकांनी लक्षात ठेवलं. कारण त्यांना त्याची चाड होती. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी भाजपचे ३५ निवडून आले, तेव्हा तू मला दोन दिवस फोन करून एकेका वॉर्डाचं विश्लेषण ऐकवत होतास. जिथे राहत नाहीस, तिथल्या प्रत्येक वॉर्डाचं! आणि जिथे झोपतोस, खातोस, कर भरतोस, तिथल्या वॉर्डाचा नंबर येत नाही. हा सगळा अभिमान फक्त लांबून करायचा आहे का?

तुझं नाव अजून बेळगावच्या मतदार यादीत आहे. हो की नाही? खरं बोल. पत्ता बदलला की फॉर्म ८ भरायचा असतो. तो भरला नाहीस, कारण गावाशी नातं तुटेल असं वाटतं. नातं सणाला घरी येऊन टिकतं, आईला फोन करून टिकतं. मतदार यादीत खोटा पत्ता ठेवून टिकत नाही. उद्या पूर्व महापालिकेच्या पन्नास वॉर्डांत मत मागायला माणसं येतील, तेव्हा तू त्यांच्या हिशेबातच नसशील. ज्याचं मत नाही, त्याच्या दारापुढचं गटार कुणी आधी साफ करत नाही.

आणि ‘सगळे सारखेच, आज या पक्षात, उद्या त्या पक्षात’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. तुझे आमदार २०१८ मध्ये काँग्रेसचे म्हणून निवडून आले. २०१९ च्या जुलैमध्ये राजीनामा दिला, अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवून निवडणूक लढवायची मुभा दिली आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तेच भाजपचे म्हणून निवडून आले. मोठ्या फरकाने. २०२३ मध्ये पुन्हा. मतदारांनी निवडलं, त्यांचा हक्क आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझा प्रश्न तुला आहे. २०१८ ला त्यांनी काय कबूल केलं होतं आणि २०१९ ला काय? तलावांबद्दल, बी-खात्यातल्या घरांबद्दल, पाण्याबद्दल भूमिका बदलली की फक्त चिन्ह बदललं? सगळे सारखे असतील तर लिहून दाखव ना सारखे आहेत म्हणून. दोन रकाने काढ, तारखा टाक. नाही काढलेस. न तपासता ‘सारखेच’ म्हणालं की आपल्याला काही करावं लागत नाही. त्या एका शब्दामागे तू इतकी वर्षं लपला आहेस. लपणाऱ्याला वाटतं, राजकारणाच्या घाणीपासून आपण दूर राहिलो. खरं म्हणजे तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने हिशेब मागितला नाही, यावरच त्या घाणीचं पोषण होतं.

सोसायटीच्या बैठकीत पंपाच्या बिलावरून दीड तास भांडतोस म्हणे. तुझ्या बायकोने सांगितलं मला. पावती मागतोस, दोन दरपत्रकं मागतोस, सही कुणाची विचारतोस. बरोबर करतोस. म्हणजे तुला येतं! हेच तर माझं दुखणं आहे. तुला पावती मागता येते, रकाने जुळवता येतात, माणूस टोलवाटोलवी करतोय हे ओळखता येतं. सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलास की हे सगळं कुठे जातं? २०१८ च्या डिसेंबरपासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी वॉर्ड समितीच्या बैठका भरवायचं ठरलं होतं. अध्यक्ष नगरसेवक, सोबत वॉर्डातले दहा सदस्य, त्यात रहिवासी संघांच्या प्रतिनिधींसाठी जागा राखीव. कायद्याने मिळालेली खुर्ची होती ती. एकदा तरी गेलास? किती जण येतात, काय बोलतात, बघायला तरी?

आता मला सबबी नकोत, काम हवं. जुनी नोंद आधी. तुझ्या मतदारसंघात गेल्या वेळी नऊ वॉर्ड होते. होरमावू, राममूर्ती नगर, विजिनापुरा, के. आर. पुरम, बसवनपुरा, देवसंद्र, ए. नारायणपुरा, विज्ञान नगर आणि एचएएल विमानतळ. तुझी इमारत यातल्या कोणत्यात होती आणि नव्या पन्नासांतल्या कोणत्यात गेली, ते जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून शोध. हद्द बदलली की जुना हिशेब बुडतो, असं पुढाऱ्यांना वाटत असतं. त्याच माणसांतले बरेच जण नव्या वॉर्डातून उभे राहायला येतील. तेव्हा त्यांचे पाच वर्षांचे कागद तुझ्या हातात असले पाहिजेत.

माहिती अधिकाराचा अर्ज कर. फी दहा रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ लावू नकोस, तुला ती खोड आहे. समजा तुझा जुना वॉर्ड ५२. मग एवढंच लिही: ‘वॉर्ड ५२, के. आर. पुरम. सप्टेंबर २०१५ ते सप्टेंबर २०२०. महापालिका परिषदेच्या सर्व सभांमधील या वॉर्डाच्या सदस्याची हजेरी, आणि त्या सदस्याने सूचक किंवा अनुमोदक म्हणून मांडलेल्या ठरावांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ वॉर्डातल्या कामांचा आणि बिलांचा अर्ज वेगळा. जुनी महापालिका मोडली, दप्तर कुणाकडे गेलं कळत नाही, असं म्हणून थांबू नकोस. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, कलम ६(३). तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. तेही नाकारलं तर राज्य माहिती आयोग. त्यांना वाटतं, तू तिसाव्या दिवशी विसरशील. आजवर ते बरोबरच ठरले आहेत.

फॉर्म ८ आज रात्री भर. तो फोनवर भरता येतो. अर्ज उद्या सकाळी ऑफिसला जाण्याआधी. शेजारच्या कन्नड गृहस्थांना सोबत घे, दुसरा अर्ज त्यांच्या नावाने जाऊ दे.